दोन खुर्च्यांची जागा

बल्कली, अलेक्झांड्रिया
१४ जानेवारी

उस्ता बसयूनी यांना सलाम.

आधी रागावून घेते, मग बातमी सांगते. तुमचं मागचं पत्र मिळालं. अक्षर बघून मला वाटलं, नातवानं लिहिलंय. एका पानावर जेमतेम सात ओळी, आणि ओळ सुरू होते शेतात, संपते कालव्यात! बायकांच्या डब्याच्या दाराशी उभं राहून, हलत्या ट्राममध्ये, तिकिटांच्या पाठीवर तुम्ही अक्षरं गिरवलीत ती याहून सुबक होती. कंडक्टरकी सुटली म्हणून हातही सोडून द्यायचा का? फोनवर तुम्ही "हो बाई, नाही बाई" यापलीकडे बोलत नाही, म्हणून तर आपण हा पत्रांचा नेम ठेवला. तेव्हा नीट लिहा. मी शाळेत शिकवणं सोडलं असलं तरी लाल पेन सोडलेलं नाही.

आता बातमी. नव्या गाड्या आल्या!

परवा ट्रामच्या ऑफिसनं आम्हा अर्जवाल्यांना डेपोत बोलावून गाडी दाखवली. त्या अर्जावर पहिली सही तुमची होती, आठवतं? नुकतंच नाव लिहायला शिकला होतात आणि पेन इतकं दाबलंत की कागद फाटला. बाईंना उचलावं लागणार नाही अशी गाडी आणा, या अर्जावर उचलणाऱ्याचीच सही! ऑफिसातले कारकून किती हसले होते.

तर गाडी. पायऱ्याच नाहीत. जुन्या निळ्या गाडीच्या त्या लोखंडी पायऱ्या, ज्यांनी माझं निम्मं आयुष्य खाल्लं, त्या गायब. गाडीचा तळ आणि फलाट एका उंचीला, आणि मधली फट बुजवायला दारातून एक फळी बाहेर येते. मी माझ्या हातांनी खुर्चीची चाकं फिरवली आणि आत गेले. उस्ता, आत गेले! लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत आपली आपण शिरले नव्हते. मला रडू आलं. ते लपवायला मी त्या तरुण इंजिनिअरला नाईलच्या फाट्यांची नावं विचारत बसले, आणि त्याला येत नव्हती.

मधल्या दाराशी बाकं काढून मोकळी जागा ठेवली आहे, चाकाच्या दोन खुर्च्यांची. मी म्हटलं, "एक माझी, दुसरी कुठून आणू?" सगळे हसले. मग मी ठरवून टाकलं. दुसऱ्या जागेत तुम्ही उभं राहायचं. धरायला दांडीही आहे. पहिली फेरी दोघांनी मिळून करायची, हे तुम्ही नोकरीच्या शेवटच्या दिवशी कबूल केलंय, विसरलात म्हणू नका. तुम्ही गेल्यावर तुमच्या जागी आलेल्या पोरानं मला कांद्याच्या पोत्यासारखं चढवलं, माझा घागरा पायरीत अडकला आणि सगळा फलाट बघत राहिला. त्या दिवसापासून मी ट्राम सोडली. टॅक्सीवाले खुर्ची बघून पुढे निघून जातात. समुद्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी तो टीव्हीवर बघते.

आणि लवकर या. स्पोर्टिंगच्या थांब्यासमोरचा त्या ग्रीक बाईंचा बंगला विकला गेला. बागेवरून समुद्र दिसायचा ती जागा. तिथे तुम्ही शिट्टी ओठांत धरून उगाच थांबायचात आणि ड्रायव्हर ओरडायचा, "बसयूनी, झोपलास का?" कुणासाठी थांबत होतात ते मला कळत होतं बरं का. आता तिथे पत्रे ठोकलेत. मोठी इमारत उठणार म्हणतात. ती उठायच्या आत एकदा बघून घेऊ.

बहीजा


दमनहूरजवळून
६ फेब्रुवारी

आदरणीय बाईंना बसयूनीचा सलाम.

बाई, अक्षराचं मनावर घेऊ नका. कागद नातवाच्या, साबरीनच्या मुलाच्या वहीतला आहे, त्याच्या रेघा फिक्या. शिवाय मोठं लिहिलं की पत्र लांबलचक दिसतं आणि तुम्ही खूश होता.

तुम्ही आत गेलात ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. अल्लाची कृपा. घरात सगळ्यांना सांगितलं. इज्जत, म्हणजे माझा जावई, म्हणाला, "बाबा, तुम्ही असं सांगताय जशी गाडी तुम्हीच बनवली." मी म्हटलं, "अर्जावर सही आहे माझी."

पण एक विचारतो, रागावू नका. कंडक्टर नाही, शिट्टी नाही, मग मागे लटकणाऱ्या पोरांच्या कानाखाली कोण देणार? सासूसुना तिकिटावरून भांडल्या तर निवाडा कोण करणार? बायकांच्या डब्यात आपली मिशी घेऊन चढणाऱ्या शहाण्याला "काय बाई, कुठे उतरणार?" असं कोण विचारणार? यंत्र?

यायचं म्हणता, तर म्हैस व्यायला झालीय. साबरीन घरात एकटी पडते. आणि खरं सांगायचं तर आता पूर्वीसारखं उभं राहायला जमत नाही. वय झालं. डॉक्टरनं साखरही बंद केलीय, चहा पितो तो नुसतं गरम पाणी पितो. तुम्ही शाळेतल्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीला न्या. तिला कौतुक वाटेल.

इज्जत भाजी घेऊन तिकडे येतो, त्याच्याबरोबर मुरवलेल्या चीजचं मडकं पाठवलंय. वास आला म्हणून फेकू नका, तो यायलाच हवा.

तुमचा
बसयूनी


बल्कली
२० मार्च

उस्ता,

चीज पोचलं. शेजारची मदाम ओदेत दार ठोठावून विचारून गेली, तुमच्याकडे कुणी मेलंय का. मी रोज खाते आहे.

म्हशीचं कारण मला सांगू नका. म्हैस तुमच्याशिवाय व्याली नसती तर दमनहूरमध्ये आजवर दूध मिळालं नसतं. आणि जुन्या विद्यार्थिनी कोण? त्यांना आता सून आली आहे, गुडघे गेले आहेत. मला त्यांचं कौतुक नको आहे.

दिवस ठरला. वसंताच्या सणानंतरचा गुरुवार. सकाळी कुणी बडे साहेब येणार, फीत कापणार, भाषण करणार आणि मग लोकांना आत सोडणार. मी बल्कलीच्या फलाटावर दहा वाजता असेन. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझ्याबरोबर एक माणूस येणार आहे. मदाम ओदेत विचारत होती, "कोण गं?" मी म्हटलं, "ज्याच्या हातून मी कधी पडले नाही तो." म्हणजे बघा, माझी अब्रू तुमच्या हातात आहे.

उभं राहायला जमत नाही म्हणे! अख्खं आयुष्य त्या हलत्या गाडीत उभं राहून काढलंत, एकदा अर्धा तास माझ्याशेजारी उभं राहायला काय होतं? दमलात तर माझी खुर्ची धरा. इतकी वर्षं मी तुम्हाला धरलं, एक दिवस तुम्ही मला धरा.

बंगला पाडला. आता नुसता पाया खणताहेत, त्यामुळे समुद्र पूर्वीपेक्षा जास्तच दिसतो असं भाजीवाल्या पोरीनं सांगितलं.

बहीजा


दमनहूरजवळून
४ एप्रिल

आदरणीय बाईंना,

येतो.

इज्जतशी बोललो. तो त्याच्या गाडीतून आणणार आहे. निळा कोट पेटीतून काढून साबरीनला इस्त्रीला दिलाय. पितळी बटणं मी स्वतः घासली. शिट्टी सापडली, ती पण आणतो. यंत्राला ऐकवू.

कमी लिहितो, हात दुखतो.

बसयूनी


बल्कली
३ मे

उस्ता बसयूनी,

तुम्ही आला नाहीत.

मी फलाटावर दहाच्या आधीपासून होते. पहिली गाडी गेली, मी म्हटलं, रस्त्यात अडकले असतील. दुसरी गेली. तिसरी आली तेव्हा मी चढले. सगळं अगदी शांतपणे आणि रुबाबात पार पडलं. फळी बाहेर आली, मी चाकं फिरवली, आत गेले. कुणी हात लावला नाही. बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, एकीनं तर टाळ्या वाजवल्या. मी मधल्या दाराशी बसले. शेजारची जागा रिकामी. एक बाई बाळाची गाडी तिथे ठेवायला आली, तिला मी सांगितलं, "माणूस यायचा आहे." शेवटचा थांबा, रमल, येईपर्यंत मी तेच सांगत होते. शेवटी कुणी विचारायचं सोडून दिलं.

स्पोर्टिंगला समुद्र दिसला. आता बांबू उभे राहिलेत, पण त्यांच्या मधून दिसला. हिरवट निळा होता आणि चांगला फेसाळलेला. दारं आपोआप मिटली. शिट्टी धरून थांबणारं कुणी नव्हतं, त्यामुळे डोळे भरून बघायच्या आत गाडी सुटली.

मी घरी येऊन बराच विचार केला. तुम्हाला ही गाडी नको होती. अर्जावर सही केलीत ती मला बरं वाटावं म्हणून. या गाडीला तुमची गरज नाही, हेच तुमच्या नाकाला झोंबलं. लंगड्या बाईला उचलून गाडीत ठेवायचं आणि लोकांनी "वा, बसयूनी, शाब्बास" म्हणायचं, त्यातच तुमचा मोठेपणा होता. आता बाई आपली आपण चढते, मग तिच्याशेजारी उभं राहून तुम्हाला काय मिळणार?

येतो म्हणून लिहिलंत आणि मला सगळ्या फलाटासमोर तोंडघशी पाडलंत. हे एकदाच सांगते, पुन्हा काढणार नाही. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. तुमचा हात दुखतो.

बहीजा


बल्कली
१९ ऑक्टोबर

उस्ता बसयूनी यांना सलाम.

तुम्ही माझं म्हणणं शब्दशः घेतलंत. पूर्वी मी दिलेला गृहपाठ तुम्ही इतका मनावर कधी घेतला नव्हता.

उन्हाळा गेला. मी आता आठवड्यातून दोनतीनदा ट्रामनं जाते. मासळीबाजारात जाते, रमलला जाऊन कॉफी पिते, एकदा तर शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आले. वॉचमनला वाटलं, मी भीक मागायला आले. मला फार चांगले दिवस आले आहेत आणि ते सांगायला माणूस नाही, म्हणून लिहिते.

इज्जत भाजी घेऊन इकडे येतो ना? त्याला एकदा विचारा, मडकं परत न्यायचं आहे का. धुऊन ठेवलंय.

स्पोर्टिंगची इमारत आठ मजले झाली. ऑगस्टपर्यंत दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांमधून थोडंसं पाणी दिसायचं. मग विटा लागल्या. आता तिथून समुद्र दिसत नाही. थांब्यावर गाडी उभी राहते आणि समोर सिमेंट आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी.

मी मे महिन्यात लिहिलं ते जरा जास्तच लिहिलं. जरा. पण तुम्हीही यायला हवं होतं.

बहीजा


दमनहूरजवळून
२४ नोव्हेंबर

आदरणीय बहीजाबाईंना, बसयूनीच्या मुलीचा, साबरीनचा सलाम.

हे पत्र बाबा सांगताहेत आणि मी लिहिते आहे. मधे मधे मी माझंही लिहीन, त्यांना कळणार नाही.

बाबा सांगतात: बाई, तुमचं ऑक्टोबरचं पत्र साबरीननं मला वाचून दाखवलं. मडकं ठेवा, आपल्याकडे मडकी पुष्कळ आहेत. तुम्ही फिरता हे ऐकून आनंद झाला. त्या वॉचमनला मी ओळखतो, तो पहिल्यापासून बावळट आहे.

(बाई, हे असंच विनोद करत राहतील आणि पत्र संपवतील. म्हणून मी सांगते. बाबांचा उजवा पाय नाही. साखरेनं सडला आणि दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या वरून कापला. ते तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. इज्जतलाही. आणि डोळे वर्षभर जात होते, तेही साखरेनं. म्हणून अक्षर मोठं झालं. तुम्ही अक्षरावरून रागावलात की ते आणखी जपून लिहायचे, एका पत्राला आठवडा लागायचा. आता त्यांना खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. तुमचं मे महिन्यातलं पत्र त्यांनी स्वतः वाचलं, भिंग घेऊन, आणि कुणाला दाखवलं नाही. मला ते गादीखाली मिळालं. – साबरीन)

बाबा विचारतात, इतका वेळ काय लिहितेस? मी म्हटलं, तुमचे सलाम लिहिते.

बाबा सांगतात: बाई, एक गोष्ट सांगायची आहे. मी आलो होतो.

त्या गुरुवारी आम्ही फलाटासमोर, रुळांच्या पलीकडे, रसाच्या दुकानाजवळ होतो. इज्जतच्या गाडीत, पुढच्या सीटवर. तेव्हा मला एवढं दिसत होतं. तुम्ही फलाटावर, निळा स्कार्फ, मांडीवर छत्री. इज्जत मागून माझी खुर्ची काढायला उतरला. तेवढ्यात गाडी आली, फळी बाहेर आली, आणि आपले अलेक्झांड्रियाचे मर्द धावले. पाचसहा जण, बाह्या सरसावून, "आम्ही उचलतो, बाई, आम्ही आहोत ना!" फळी समोर दिसत असून! तुम्ही पत्रात लिहिलंत की सगळं शांतपणे आणि रुबाबात पार पडलं. त्या जाड्या माणसाच्या डोक्यात छत्री घातलीत ते नाही लिहिलंत. पाय कापल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसलो.

मग तुम्ही ओरडलात. रस्त्याच्या पलीकडे ऐकू आलं. "कुणी हात लावायचा नाही! आजपासून कुणीही कुणाला उचलायचं नाही!" आणि गेलात आत, आपल्या हातांनी.

बाई, मला गाडीतून खाली उतरायचं तर इज्जतनं उचलायला हवं होतं. तान्ह्या मुलाला घेतात तसं तो मला घेतो. कोट घातलेला, पितळी बटणं, आणि एक पाय. तुमच्यासमोर, त्या दिवशी, तुमच्या त्या वाक्यानंतर. मी म्हटलं, इज्जत, फिरव गाडी. तो म्हणाला, बाबा, एवढं येऊन? मी म्हटलं, फिरव.

तुमच्या शेजारची जागा रिकामी होती ते मी काचेतून पाहिलं. तुम्ही सारख्या दाराकडे बघत होतात.

(बाबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. पत्र इथेच संपवते. मला माफ करा, मी शपथ मोडली. पण तुम्ही त्यांना लंगड्या बाईला उचलून शाबासकी घेणारा माणूस म्हणालात, ते मला सहन झालं नाही. घरात आजही रोज तुमचं नाव निघतं. – साबरीन)


बल्कली
१ डिसेंबर

उस्ता बसयूनी,

वादळ सुरू आहे, खिडक्या थडथडताहेत, वीज ये-जा करते आहे. पत्र आलं तेव्हापासून मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नका.

दोन खुर्च्यांची जागा. मी त्यावर विनोद केला! "दुसरी कुठून आणू?" म्हणून डेपोत सगळ्यांना हसवलं, आणि वर तुम्हालाही लिहून कळवलं. तुम्ही तुमच्या खुर्चीत बसून ते वाचलंत. आणि मी तुम्हाला उभं राहायला सांगत होते, एकदा नाही, दोनदा. तुमच्या जागेत तुम्हाला उभं राहायला सांगत होते.

आणि अक्षर. आयुष्यभर मुलींची अक्षरं तपासली, कुणाला चष्मा लागलाय हे मी वहीवरून सांगायचे. तुमच्या बाबतीत मला फक्त आळस दिसला.

ते वाक्य मी गर्दीला उद्देशून ओरडले होते. तुमच्यासाठी नव्हतं ते. तुम्ही मला उचलायचात तेव्हा मला कधी लाज वाटली नाही. एकदाही नाही. तुम्ही आधी माझ्या तेव्हाच्या कुबड्या आत ठेवायचात, मग "बिस्मिल्ला" म्हणायचात, मग मला. वर ठेवल्यावर लगेच पाठ करून शिट्टी वाजवायचात, म्हणजे मला घागरा सारखा करायला वेळ मिळावा. मला सगळं ठाऊक होतं. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमच्या अक्षराबद्दल मी हजार गोष्टी बोलले, हे एक बोलले नाही.

मे महिन्यातलं पत्र जाळून टाका. साबरीन, तूच जाळ, त्यांना विचारू नकोस.

साबरीन हे वाचून दाखवणार, म्हणून बाकीचं लिहीत नाही. इतकी वर्षं लिहायला मोकळी होते तेव्हा शुद्धलेखन काढत बसले.

तुम्ही या. वादळाचे दिवस सरले की, जानेवारीतल्या पहिल्या उघडिपीच्या शुक्रवारी. इज्जतनं उचलून खुर्चीत ठेवलं तर ठेवलं. मला उचललेलं सगळ्या शहरानं पाहिलंय. गाडीत मात्र आपण आपापल्या हातांनी जाऊ. जागा दोघांची आहे, आणि मी तिथे कुणालाही येऊ देणार नाही. छत्री आहेच.

बहीजा


दमनहूरजवळून
१३ जानेवारी

आदरणीय बाई,

हे मी स्वतः लिहितोय. साबरीननं एका पुठ्ठ्याला खाचा पाडून दिल्यात. खाच संपली की ओळ संपली असं समजायचं. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर लाल पेन काढू नका. हे साबरीनला वाचायला दिलेलं नाही. पाकीट मीच चिकटवलं.

शुक्रवारबद्दल लिहायचं आहे.

इज्जतनं मला गाडीतून काढलं तेव्हा तुम्ही पाठ करून तिकिटाच्या यंत्राशी खटपट करत होतात. तुमच्याकडे पास आहे. बरोबर आलेल्या साबरीननं तो पाहिला आणि मला घरी आल्यावर सांगितलं. मी हसलो. पूर्वी मी पाठ करून शिट्टी वाजवायचो ना, तसंच.

फळी चाकाखाली आली तेव्हा आवाज झाला, बस. मी तीन पायऱ्यांची वाट बघत होतो. हात आपोआप पुढे झाले होते, तुम्हाला घ्यायला. तेवढ्यात तुमचा आवाज आतून आला, "उस्ता, या, इकडे, माझ्या डावीकडे." तुम्ही आधीच आत होतात.

गाडी चांगली आहे. मी उगाच नावं ठेवत होतो. हलत नाही, खडखडत नाही. त्यामुळे मला वळणं कळेनात. जुन्या गाडीत मी झोपेत सांगितलं असतं, हे रुश्दी, हा सिदी गाबेर. आता ती यंत्रातली मुलगी सांगते आणि मग मला कळतं. एकदा मी तिच्या आधी ओरडलो, "क्लिओपात्रा! उतरणाऱ्यांनी पुढे या!" आणि लोक हसले, तुम्हीही हसलात. शिट्टी खिशात होती. वाजवली नाही. ड्रायव्हर बिचारा घाबरला असता.

मग स्पोर्टिंग आलं. दारं उघडली. मी विचारलं, "बाई, दिसतो का?"

मी पूर्वी शिट्टी ओठांत धरून थांबायचो तेवढा वेळ गेला. मग म्हणालात, "दिसतो. आज निळा आहे. थोडासा फेसाळलेला." दारं मिटली आणि गाडी सुटली.

बाई, माझे डोळे गेलेत, डोकं अजून शाबूत आहे. तुमचं ऑक्टोबरचं पत्र मला पाठ आहे. तिथे आठ मजले आहेत आणि कुणाच्या तरी चादरी.

इतक्या वर्षांत मी तुम्हाला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मी "अल्हम्दुलिल्ला" म्हणालो आणि मान तिकडे वळवून बसलो, बघत असल्यासारखा. तुम्ही माझ्या खुर्चीच्या हातावर हात ठेवलात. माझ्या हातावर नाही, खुर्चीच्या. पण मला कळलं.

एकच गोष्ट मनातून जात नाही. त्या गुरुवारी तो होता. बांबूंच्या मधून का होईना, खरा होता, आणि माझे डोळेही तेवढे होते. तुम्ही तो एकटीनं पाहिलात आणि शेजारी जागा रिकामी. मी रस्त्याच्या पलीकडे बसून होतो आणि मला लाज वाटत होती, एका पायाची. आता ती लाज कुठे शोधूनही सापडत नाही. तिच्यापायी समुद्र गेला.

इज्जत म्हणतो, भाजीच्या फेरीबरोबर दर शुक्रवारी आणीन. तुम्हाला चालणार असेल तर मी येईन. स्पोर्टिंगला मी दर वेळी विचारणार आहे, दिसतो का म्हणून.

तुम्ही दर वेळी तेच सांगा.

बसयूनी